एका बेसचे दोन धनी

मित्रांनो, मी एक जुना डबल बेस आहे. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. माझा आकार तोच, पण मी माणसापेक्षा उंच. मला खांद्याशी धरता येत नाही. माझ्या शेजारी उभं राहून, मिठी मारल्यासारखं धरून मला वाजवावं लागतं. आवाज खोल आणि जाड. बँडमध्ये मी वाजत असतो तेव्हा माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. थांबलो की मात्र सगळ्यांना जमीन खचल्यासारखी वाटते.

सध्या मी न्यूयॉर्कमध्ये, एकशे अकराव्या रस्त्यावरच्या एका चर्चच्या तळघरात उभा आहे. एका बाजूला घडीच्या खुर्च्यांची चळत, दुसऱ्या बाजूला गरम वाफेचा नळ. कुणीतरी माझ्या मानेवर रेनकोट अडकवून गेलं आहे, ते मार्चपासून न्यायला आलेलं नाही. माझी तक्रार नाही. तक्रार करायलाही अंगात जोर लागतो. पण माझी हकिगत आजवर कुणी विचारली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मिशिगनकडच्या एका थंड गावातला, वाद्यांच्या कारखान्यातला. मोठ्या घराण्यातले बेस अखंड लाकडातून कोरलेले असतात. मी तसा नाही. लाकडाचे पातळ थर सरसाने एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून मला घडवलं. वर तात चढवली, म्हणजे आतड्याच्या चार तारा. तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर टकटक केलं आणि म्हणाला, "आवाज बरा आहे. पण दणकट आहे हं. पडला तरी मरणार नाही." ती माझी पहिली स्तुती. पुढे मी तीन वेळा जिन्यावरून गडगडलो, तेव्हा मला त्या माणसाची आठवण झाली.

माझा पहिला धनी रॉस्को टिब्स. दक्षिणेकडच्या कॅरोलायनातून आलेला, उंच, काळा, हळू बोलणारा माणूस. दिवसभर तो शहरातल्या एका मोठ्या कापडदुकानात मालाची लिफ्ट चालवायचा आणि संध्याकाळी हार्लेममधल्या एका जॅझ बँडमध्ये मला वाजवायचा. आम्ही एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होतो. रॉस्को एकटाच होता. जेवताना तो मला समोर उभं करायचा.

त्याचं वाजवणं म्हणजे चालणं. त्याच्या बँडमधले लोकही त्याला चालणंच म्हणायचे. आवर्तनात चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर एक सूर, म्हणजे एक पाऊल. चारही पावलं सारखी, आणि पहिलं पाऊल नेमकं समेवर. वर ट्रंपेट कितीही उधळू दे, सॅक्सोफोन कुठेही भटकू दे, खाली आम्ही दोघे चालत असायचो. वाट चुकलेला वादक आमची चाहूल घेऊन घरी यायचा. सात वर्षं मी असा चाललो. रॉस्कोची बोटं फोड येऊन येऊन शिंगासारखी टणक झाली होती.

महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात आमच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, एक बिऱ्हाड आलं. क्युबातल्या मातान्सासचा फेर्मिन आणि त्याची बायको ओर्तेन्सिया. फेर्मिन तिकडे बेस वाजवायचा. त्याचा बेस भावाकडे राहिला होता, कारण बोटीत त्याला जागाच मिळाली नव्हती. इथे तो एका खाणावळीत भांडी विसळत होता.

एका रविवारी सकाळी रॉस्को रियाज करत असताना दार वाजलं. दारात एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस, हातात झाकलेली बशी.

"बायकोने केळी तळलीत, तुमच्यासाठी," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी खाणावळीच्या मोरीत शिकलेलं होतं. "आणि एक विचारू? तुमचे पाय दुखत नाहीत का हो? पंधरा दिवस ऐकतोय. चालताय, चालताय, नुसते चालताय. बसा की कुठेतरी!"

रॉस्कोने बशी घेतली आणि त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "तुला येतं का काही?"

फेर्मिनने पँटला हात पुसले आणि मला धरलं.

मित्रांनो, त्याने वाजवायला सुरुवात केली आणि मला धस्स झालं. सम आली आणि गेली, पण त्याने तिच्यावर काही वाजवलंच नाही. सूर तिच्या आधीच येऊन गेला होता आणि समेवरून नुसता तरंगत होता. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं मला. पण पडलो नाही. उलट कुणीतरी कमरेला हलकेच धक्का देऊन पुढे सरकवत होतं.

"सम कुठे गेली?" रॉस्कोने विचारलं. "बोटीत विसरून आलास की काय?"

"आहे की तिथेच."

"मग वाजव ना."

"कशाला? सगळ्यांना माहीत आहे ती कुठे आहे."

रॉस्को हसला. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. मग दोघांनी बशीतली केळी संपवली.

त्या दिवसापासून मला दोन धनी झाले. सोमवार ते शनिवार मी रॉस्कोचा, रविवारी फेर्मिनचा. दर रविवारी दुपारी जवळच्या एका नाचघरात डोन्या मोन्सेचा बँड वाजायचा. त्यांना बेसवाला हवा होता, फेर्मिनला बेस हवा होता. रॉस्को म्हणाला, "ने. पण आणून ठेव."

हे ऐकायला सोपं आहे. पण माझी दशा बघा. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. रॉस्कोला घोडी बुटकी लागायची, कारण त्याला भरभर चालायचं असे. फेर्मिनला ती उंच लागायची, कारण त्याला तार जोराने ओढायची असे. म्हणून दोघांनी दोन घोड्या केल्या. रविवारी सकाळी एक काढायची, दुसरी बसवायची. रविवारी संध्याकाळी पुन्हा उलटं. आठवड्यातून दोनदा माझं कंबरडं मोडून पुन्हा बसवल्यासारखं व्हायचं. वर जिन्यांची चढउतार वेगळीच.

"तुझ्या उंच घोडीने त्याची मान वाकेल," रॉस्को कुरकुरायचा.

"आणि तुमच्या बुटक्या घोडीने तो खोकतो. ऐका, ऐका कसा घरघरतोय!"

दोघांनाही माझी काळजी होती. मला मात्र दोघांमध्ये उसंत नव्हती.

आता डोन्या मोन्सेबद्दल सांगतो. डोन्या म्हणजे बाईसाहेब. ही पोर्तो रिकोतल्या पोन्सेची बाई. आठवडाभर शिवणकारखान्यात झगे शिवायची आणि रविवारी पियानोवर बसून दहा पुरुषांना धाकात ठेवायची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. कुणी चुकलं की वाजवता वाजवताच ती पेन्सिल फेकून मारायची, आणि नेम कधी चुकायचा नाही.

तिच्या बँडमध्ये एकजण टिपऱ्यांसारख्या दोन जाड काठ्या एकमेकींवर मारायचा. पाच ठोके. तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. टक्... टक्... टक्, टक् टक्. गाणं संपेपर्यंत तेच. त्या पाच ठोक्यांशी सगळ्यांनी इमान राखायचं, पियानोनेही आणि गाणाऱ्यानेही. हा हिशेब समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, साखळदंडात आणलेल्या माणसांबरोबर क्युबाच्या बेटावर आला होता, असं कोंगा वाजवणारा लालो सांगायचा. कोंगा म्हणजे उभा, उंच ढोल. लालो तो उघड्या तळहातांनी वाजवायचा. त्याचे तळवे पाहून भट्टीतला पाव काढायचं जाड, करपलेलं फडकं आठवायचं.

एका रविवारी रॉस्को आमचं वाजवणं ऐकायला आला. त्याच्याबरोबर त्याच्या बँडमधला ट्रंपेटवाला होता. हा गडी जागेवर बसेना. तिसऱ्या गाण्याला तो उठला, मंचावर चढला आणि कुणाला न विचारता वाजवू लागला. जॅझवाल्यांची ती रीतच. गाण्याची चाल घ्यायची, मोडायची, तिच्यातून मनाला येईल तिकडे जायचं. मोन्सेने पेन्सिलीला हात घातला होता. पण तिने ती फेकली नाही. खाली ढोल आणि टिपऱ्या आपल्या वाटेने चालल्या होत्या आणि वर ट्रंपेट मोकळं सुटलं होतं, तरी दोघांची ताटातूट होत नव्हती. नाचणारे लोक नाचायचे थांबून वर बघू लागले. मग ओरडू लागले. मग पुन्हा नाचू लागले, दुप्पट जोराने.

"हे," मोन्से नंतर म्हणाली, "हे मला पुन्हा पाहिजे."

पुन्हा करायला गेल्यावर अडचण कळली. अडचण मीच होतो. ट्रंपेट आपल्या मुलखात शिरलं की त्याच्या पायाखाली चालणारा बेस लागायचा. फेर्मिन चालायला गेला की लंगडायचा. ढोल पुढे आले की बेसने सम मोकळी ठेवायची. रॉस्कोला उभं केलं तर तो न चुकता समेवर दाणकन उतरायचा.

लालो वाजवता वाजवता थांबायचा. "कोण ते? दार कोण ठोठावतंय?"

सगळे हसायचे. रॉस्कोही हसायचा, पण त्याचा हात माझ्या मानेवर घट्ट व्हायचा.

त्याच महिन्यात रॉस्कोचा बँड मोडला. तेव्हा असे मोठमोठे ताफे एकामागून एक मोडत होते. रॉस्कोजवळ आता फक्त लिफ्ट राहिली. इकडे फेर्मिनजवळ रविवार सोडला तर मोरीतली भांडी. आणि नेमकं तेव्हाच मोन्सेला ईस्टरनंतरच्या रविवारी मोठ्या नाचघरात वाजवायचं बोलावणं आलं. जॅझचे तीन वादक आणि तिचा बँड, एकत्र.

तिने दोघांना समोर उभं केलं. "माझ्या मंचावर बेसवाला एकच मावतो. त्याला दोन्ही आलं पाहिजे. चालणंही आणि सोडणंही. दोन आठवडे आहेत. कोण ते तुम्ही ठरवा, नाहीतर मी ठरवते."

"डोन्या, पण मला शिकवणार कोण?" फेर्मिनने विचारलं.

"तुझ्या शेजारी उभा आहे तो."

म्हणजे पहा मित्रांनो, ज्याला मागे टाकायचं त्याच्याकडूनच शिकायचं. पहिला आठवडा बरा गेला. रॉस्को चालणं दाखवायचा, फेर्मिन सोडणं दाखवायचा. फेर्मिनचं लंगडणं दिवसादिवसाने कमी होत होतं. रॉस्कोचं मात्र काही जमेना. त्याला सम दिसली की त्याचं बोट आपोआप पडायचं. आठवड्याच्या शेवटी फेर्मिन सलग बत्तीस आवर्तनं चालला, एकही पाऊल न चुकता. ओर्तेन्सियाने वरून टाळ्या वाजवल्या. रॉस्कोने मला भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला खोळीत घातलं, खाली उतरवलं आणि ब्राँक्समध्ये आपल्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवलं. फेर्मिनला सांगितलं नाही.

माझ्या धन्याबद्दल वाईट बोलायला मला जड जातं. पण झालं ते झालं. त्या आठवड्यात रॉस्को रोज कामावरून तिथे यायचा, जेवायच्या आधी ग्रामोफोनवर क्युबाच्या गाण्यांची एक तबकडी लावायचा आणि माझ्याबरोबर झुंजायचा. पाय ठेका धरतो म्हणून त्याने पाय उशीवर ठेवून पाहिला. मग बूट काढून पाहिले. मग स्टुलावर बसून दोन्ही पाय वर घेतले.

"पायाला काय झालं रे?" बहिणीने विचारलं.

"पायाला नाही. सवयीला झालंय."

"मग डॉक्टर कशाला हवा, देवच हवा," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली.

सम त्याला सोडेना. त्याची तरी काय चूक! लहानपणापासून चर्चमध्ये, शेतात, रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या बापाच्या घणात त्याने तीच ऐकली होती. गुरुवारी त्याने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. माझं अंग त्याच्या श्वासाने ओलं झालं.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. ओर्तेन्सिया तो दर नाताळला पाहुण्यांना सांगायची, तिथून मला कळला.

शनिवारी दुपारी रॉस्को आपला काळा कोट न्यायला इमारतीत आला. जिना चढताना त्याला वरून आवाज आला. धम्म, धम्म, धम्म, धम्म. कुणीतरी चालत होतं. चौथा मजला सोडून तो पाचव्यावर गेला. दार उघडंच होतं. फेर्मिनने कपडे धुवायचा पत्र्याचा टब पालथा घातला होता, त्याच्या मध्यातून कपडे वाळत घालायची दोरी ओवली होती आणि दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधलं होतं. दांडा मागे ओढला की दोरी ताणली जायची, सूर चढायचा. त्या टबावर तो रॉस्कोची चाल वाजवत होता. पाऊल न पाऊल रॉस्कोचं होतं, अगदी शेवटच्या आवर्तनात रॉस्को जी एक छोटी उडी मारायचा तीसुद्धा.

रॉस्को दारातच थबकला.

ओर्तेन्सिया इस्त्री करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आत या. चोरासारखे उभे काय राहता? चोर तर चोर, कॉफी घ्या. आठ दिवस झाले, माझे कपडे धुवायचे राहिलेत या वाद्यापायी."

फेर्मिन थांबला नाही. वाजवता वाजवता म्हणाला, "बेस बरा आहे ना?"

"बरा आहे," रॉस्को म्हणाला.

"थंडीत ठेवला नाहीत ना?"

"नाही."

रॉस्कोने कान देऊन दोन आवर्तनं ऐकली. मग म्हणाला, "तिसरं पाऊल लवकर पडतंय तुझं."

"मग दाखवा."

रॉस्कोने दांडा हातात घेतला. त्याने दाखवलं. मग दांडा धरूनच त्याने विचारलं, "खरं सांग, सम सोडायला तू शिकलास कसा?"

फेर्मिनने डोकं खाजवलं. "सोडतो कोण? ती नाचणाऱ्यांची असते. बाईचा पाय तिथे पडणार आहे, हे मी तिला आधी सांगतो आणि गप्प बसतो. तिने पाय टाकला की झालं. तिच्या पायावर मी कशाला पाय देऊ?"

"घरात हा माणूस जेवायला कधी वेळेवर येत नाही," ओर्तेन्सिया म्हणाली, "आणि तिकडे म्हणे सगळ्यांच्या आधी पोचतो!"

रॉस्को खाली बसला. "मला नाही येणार, फेर्मिन," तो म्हणाला. "उद्या तू जा. बेस मी सकाळी आणून देतो."

फेर्मिनने टब उचलून बाजूला ठेवला. "मलाही पुरतं येत नाही. टबावर येतं. ट्रंपेट सुटलं की माझे पाय अडकतात. तुम्ही बरोबर चला."

"मोन्से मारेल पेन्सिल."

"दोघांवर वाटून घेऊ."

रविवारी दुपारी दोघे मला घेऊन मोठ्या नाचघरात पोचले. मोन्से पियानोपाशी कागद लावत होती.

"कोण वाजवणार?"

"दोघे," रॉस्को म्हणाला.

"आणि बेस किती आणलेत?"

"एकच आहे."

मोन्सेने डोळे मिटले. बाहेर लोकांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. "तुमच्या वादात माझी अब्रू गेली ना," ती म्हणाली, "तर त्या बेसची तातच काढून दोघांना बांधीन."

गाणं सुरू झालं. टिपऱ्या, मग पियानो, मग लालो, मग फेर्मिन आणि मी. फेर्मिनच्या हातात मी सम मोकळी ठेवून पुढे सरकत होतो आणि खाली शेकडो पाय एकदम तिच्यावर पडत होते. सम कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे, असं तो पहिल्या दिवशी का म्हणाला होता, ते मला त्या दिवशी कळलं. मग ट्रंपेट उठलं. रॉस्को मागून आला आणि त्याने मला धरलं, पण फेर्मिनने सोडलंच नव्हतं. दोन कोपरं एकमेकांवर आपटली, तार खाडकन वाजली, पुढच्या रांगेतल्या पोरी खिदळल्या. पेन्सिल आली आणि फेर्मिनच्या कानाला लागली.

पण ट्रंपेट थांबलं नव्हतं. रॉस्को चालू लागला. आणि ढोलांकडे परत यायची वेळ आली तेव्हा दोघे सावध होते. रॉस्कोने चौथं पाऊल टाकलं, हात उचलला आणि बाजूला झाला. सम आली. तिच्यावर कुणीच नव्हतं. तेवढ्या मोकळ्या मात्रेत मी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलो. माझा लोखंडी पाय जमिनीवर तसाच होता, मी फक्त अर्धा वळलो. फेर्मिनचं बोट पडलं ते जिथे पडायला हवं तिथेच.

खरी गंमत पुढे झाली. पुन्हा ट्रंपेट सुटलं, पुन्हा रॉस्कोला मला घ्यायचं होतं. फेर्मिनचा सूर समेआधी आला आणि लांबत राहिला. रॉस्कोने हात पुढे केला, पण अंतर होतं. सम आली तेव्हा त्याचा हात हवेतच होता. ती निघून गेली. तो दुसऱ्या मात्रेवर पोचला आणि तिथून चालू लागला. आयुष्यात पहिल्यांदा रॉस्कोने सम सोडली, कारण हातच पोचला नाही.

"फेर्मिन!" तो भर मंचावर ओरडला. "सोडली रे! सोडली मी!"

लोकांना वाटलं, तेही गाण्यातलंच आहे. तेही ओरडले.

पुढची चार वर्षं आम्ही असंच वाजवलं. एका बेसवर दोन माणसं बघायला लोक लांबून यायचे. मोन्से कुरकुरायची, "माझा बँड आहे की सर्कस?" पण पेन्सिल पुन्हा आली नाही. घोडीसुद्धा एकच झाली, फार उंच नाही, फार बुटकी नाही. दोघांनी मिळून कानशीने घासली. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस.

पण बरे दिवस फार राहत नाहीत. शहरात आता असे बँड गल्लोगल्ली झाले. त्या संगीताला नाव मिळालं, तबकड्या निघाल्या. नव्या पोरांना चालणंही यायचं आणि सोडणंही, एकाच हातात. फेर्मिनलाही आता दोन्ही येऊ लागलं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं. 

एका रविवारी ट्रंपेट उठलं आणि रॉस्को पुढे आला नाही. खिशात हात घालून मंचाच्या कडेला उभा राहिला. फेर्मिनने एकदा वळून पाहिलं. रॉस्कोने हनुवटीने खूण केली, चाल. फेर्मिन चालला. ती पावलं कुणाची होती ते मला ठाऊक होतं.

गाणं संपल्यावर फेर्मिन जवळजवळ भांडायलाच आला. "हात का दिला नाहीत?"

"दिवसभर लिफ्टमध्ये उभा असतो रे," रॉस्को म्हणाला. "आता खुर्चीवर बसून ऐकू दे. बेस तुझ्याकडे वरच राहू दे. जिने चढायचा मला कंटाळा आलाय."

पुढे कापडदुकानाने आपोआप चालणाऱ्या लिफ्टा बसवल्या. रॉस्कोची नोकरी गेली आणि तो कॅरोलायनाला आपल्या गावी परतला. निघताना त्याने माझ्या पाठीवर थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं. दर नाताळला त्याचं एक कार्ड यायचं. त्यावर एवढंच लिहिलेलं असायचं, "बेस कसा आहे?" फेर्मिन उत्तर लिहायचा, "थकलाय. तुम्ही?" त्याचं उत्तर कधी आलं नाही. पुढल्या नाताळला पुन्हा तेच कार्ड. नऊ कार्डं आली. दहावं आलं नाही. त्या वर्षी ओर्तेन्सियाने नाताळच्या जेवणावळीत टबाची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

मोन्सेची नजर गेली. तिचा बँड तिच्या भाच्याने चालवायला घेतला. त्याने विजेचा बेस आणला, गिटारएवढा, हातात मावणारा. तरी फेर्मिन मला घेऊन लहानसहान ठिकाणी वाजवत राहिला, लग्नांत, बारशांत, म्हाताऱ्यांच्या क्लबात. माझी तात जुनी झाली म्हणून त्याने पोलादी तारा चढवल्या. त्या कधी तुटत नाहीत, पण ओढतात फार. मग एका रविवारी फेर्मिन उठलाच नाही. ओर्तेन्सियाने मला या चर्चला दिलं. "कुणीतरी वाजवेल," ती पाद्र्यांना म्हणाली. सुरुवातीला भजनवाल्यांनी दोन वर्षं वाजवलं. मग त्यांच्यातला बेसवाला दुसऱ्या शहरात गेला. ओर्तेन्सियाही आता नाही.

मित्रांनो, मला वाजवा असं मी म्हणत नाही. मी पुष्कळ वाजलो. माझं मागणं एकच आहे.

भजनवाल्या माणसाने शेवटच्या दिवशी माझे चारही सूर नीट लावले होते, पुढच्या रविवारी येतो म्हणून. तो आला नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या चार पोलादी तारा तेव्हापासून तशाच ताणलेल्या आहेत. मान खाली ओढली जाते, पोट आत दबतं. वाजायचंही नाही आणि विसावाही नाही. कामापेक्षा हा ताण माणसालाही जास्त थकवत असेल, असं मला वाटतं.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलं, तर माझ्या खुंट्या जराशा उलट्या फिरवा. जराशाच. सगळ्या एकदम मोकळ्या केल्यात तर माझ्या पोटात एक लहान लाकडी खुंट उभा आहे, तो केवळ तारांच्या दाबाने उभा असतो. तो पडेल, आणि मग मीही उरणार नाही. तुमच्या घरातही कुणी असेल असं, एके काळी फार राबलेलं आणि आता कोपऱ्यात बसवलेलं. त्याच्याही बाबतीत एवढंच लक्षात ठेवा. थोडं सैल करा, पण सोडून देऊ नका.

एवढं झालं की मी झोपेन.